ब्लाइंड, सीन आणि वीस मिनिटांचा तह

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या सायबर कॅफेच्या भिंतीवर दोन सूचना होत्या. 'चपला बाहेर काढाव्यात' ही छापील. तिच्याखाली स्केचपेनने लिहिलेली दुसरी: '२० मिनिटं कोणी कोणावर ॲटॅक करायचा नाही'. पहिली कोणी पाळत नसे. दुसरी सगळे पाळायचे आणि भांडणंही तिच्यावरूनच व्हायची. एकोणिसाव्या मिनिटाला दुसऱ्याच्या गावाबाहेर घोडेस्वार नेऊन नुसते उभे केले तर तो ॲटॅक धरायचा की नाही, यावर धुळ्यात अजून एकमत झालेलं नाही.

खेळ होता एज ऑफ एम्पायर्स २. मूळ खेळ १९९९ चा, आमच्याकडे आला तो २००० सालच्या 'कॉन्करर्स' या पुरवणीसकट, कोणीतरी नाशिकहून आणलेल्या सीडीवर. खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला एक टाउन सेंटर, तीन गावकरी, एक स्काउट, म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, आणि थोडं अन्न, लाकूड, सोनं, दगड. गावकरी कामाला लावायचे, आणखी गावकरी काढायचे, एकेक युग ओलांडायचं आणि शेवटी समोरच्याचं राज्य खालसा करायचं. एका गावकऱ्याला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. बाकी सगळा खेळ या दोन आकड्यांवर उभा आहे. पाचव्या मिनिटाला मेलेला गावकरी एकटा जात नाही. पुढच्या अर्ध्या तासात तो जेवढं लाकूड तोडणार होता ते जातं, त्या लाकडावर उभी राहणारी शेतं जातात, त्या शेतांवर पोसली जाणारी फौजही जाते.

म्हणून खेळायच्या ढोबळ तीन रीती पडल्या. रशवाला घर अर्धवट टाकून दुसऱ्याच्या दारात जातो आणि त्याचे गावकरी मारतो. बूमवाला फौज काढतच नाही, गावकऱ्यांमागून गावकरी काढत राहतो, कारण उशिरा का होईना त्याची फौज सगळ्यांत मोठी होणार असते. टर्टलवाला भिंती घालतो, बुरूज बांधतो आणि आत बसतो. तिघांत थोरला कोणी नाही. रश बूमला खातो, कारण बूमवाल्याकडे लढायला माणूस नसतो. भिंतीवर रश फुटतो. आणि जो भिंतीवर दगड घालत बसला त्याच्याकडे बूमवाला चाळीस मिनिटांनी ट्रेबुशे घेऊन येतो. ते यंत्र इतक्या लांबून दगड फेकतं की बुरुजावरचा बाण तिथवर पोचतच नाही.

यावरून कॅफेत प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला होता. शिंदखेड्याकडून एसटीच्या पासवर येणारा एक पोरगा होता, तो कायम रश करायचा. उतावळा, डोकं तापट, असं सगळे म्हणत. कॅफेवाल्या भाऊंचा पुतण्या बूम करायचा. तो शांत, दूरदृष्टीचा. सहा नंबरच्या मशीनवर जे बसत ते भित्रे, कारण तिथून नेहमी भिंतीच उठायच्या.

सहा नंबरचं सांगतो. त्या मशीनचा माऊस गोळीचा होता आणि धुळ्याची धूळ त्याच्या पोटात कायमची घर करून बसली होती. बाण डावीकडे जायचा, उजवीकडे अडकायचा. त्या माऊसने घोडेस्वार पळवणं शक्यच नव्हतं. भिंत मात्र दोन क्लिकमध्ये लांबच्या लांब ओढता येते. त्या खुर्चीवर कोणीही बसला तरी पंधरा मिनिटांत भित्रा व्हायचा. बाकीच्या पोरांनी त्याचं खापर त्याच्या घराण्यावर फोडलेलं असायचं, ते वेगळं.

रशवाल्याकडे पंधरा रुपये असायचे आणि कॅफेचा भाव तासाला पंधराच होता. एका तासात खेळ सुरू करायचा, जिंकायचा आणि स्टँडवर पळायचं. अशा माणसाने चाळीस मिनिटं गावकरी काढत बसावं अशी अपेक्षा कोण करणार? पुतण्याला तास फुकट. त्याची बस चुकत नव्हती, कारण त्याचं घर कॅफेच्या वरच्या मजल्यावर होतं. वीस मिनिटांच्या तहाची सूचना लिहिताना स्केचपेन कोणाच्या हातात होतं ते सांगायला नको. मला नंतर कळलं की असे तह जगभर होते. पुढे खेळ करणाऱ्यांनीच 'ट्रीटी' नावाचा प्रकार अधिकृत केला. तिथेही तो मागणारा बहुतेक बूमवालाच असतो असं माझं निरीक्षण आहे. शांतता कोणाला परवडते हा प्रश्न आपल्याकडे फक्त राजकारणात विचारतात.

आणि मग भारनियमन. त्या वर्षांत वीज जायची वेळ ठरलेली असे आणि इन्व्हर्टरवर फक्त भाऊंचा पीसी नि एक पंखा चालायचा. वेळ जवळ आली की सगळ्यांचे स्वभाव एकदम बदलायचे. ज्यांनी तासभर वेस उघडली नव्हती ते दारं उघडून मिळेल त्या सैन्यानिशी बाहेर पडायचे. "लाईट जाई ना भो, कर ना काही!" असा ओरडा व्हायचा आणि शेवटची पाच मिनिटं सातही जण रशवाले असायचे.

पुढे पुण्यात नोकरीला असताना खेळाडूंचे प्रकार सांगणाऱ्या चाचण्यांचं मला वेड लागलं. त्यांचा उगम बहुतेक वेळा रिचर्ड बार्टलपाशी सांगितला जातो. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने मड नावाचा, नुसत्या मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ सुरू केला आणि बार्टलने तो पुढे नेला. लोकांना या खेळातून नेमकं काय हवं असतं यावर १९८९-९० मध्ये जुन्या खेळाडूंत लांबलचक वाद झाला. त्यातून बार्टलने चार प्रकार काढले आणि १९९६ मध्ये निबंध लिहिला. मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला छळणारे. चौघांना त्याने पत्त्यांचे रंग दिले: चौकट, इस्पिक, बदाम, किलवर. त्याच्या नावाने फिरणारी चाचणी मात्र त्याची नाही, ती दुसऱ्या दोघांनी बनवली. मी ती देऊन बघितली, इस्पिक निघालो. आठवड्याने पुन्हा दिली तर चौकट. मधल्या काळात पगारवाढ झाली होती.

बार्टलचे प्रकार लोक खेळायला का येतात ते सांगतात. पटावर बसल्यावर ते कसे खेळतात हे त्यात नाही, आणि स्पर्धेच्या खेळाला तर ते फारसे लागूच होत नाहीत. त्यापेक्षा मला मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये मांडलेले तीन खेळाडू जवळचे वाटतात. टिमीला काहीतरी भव्य घडलेलं अनुभवायचं असतं. जॉनीला स्वतःची करामत दाखवायची असते. स्पाइकला आपण श्रेष्ठ आहोत हे सिद्ध करायचं असतं, मग पत्ते कितीही रटाळ असोत. खेळ बनवणाऱ्याने गिऱ्हाईक ओळखण्यासाठी केलेली ही मांडणी आहे, आणि दुकानदार माणूस ओळखतो तो मानसशास्त्रज्ञापेक्षा कमी ओळखत नाही.

पण खेळण्याच्या रीतीबद्दल मला जे काही कळलं ते आखाजीला कळलं.

खान्देशाबाहेरच्यांना आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, सोनं घ्यायचा मुहूर्त एवढंच ठाऊक असतं. आमच्याकडे ती सासुरवाशिणींची दिवाळी. लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी होतात, झाडाला झोके लागतात. आणि पुरुष पत्ते कुटतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीला ओट्यावर बसतो. कायद्याला हे मंजूर नाही, जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, पण आखाजी त्याहून जुनी आहे.

तीन पत्तीत दोन तऱ्हेचे लोक असतात. ब्लाइंडवाला पत्ते न बघता चाल देतो. सीनवाला बघून देतो, पण त्याला ब्लाइंडच्या दुप्पट टाकावे लागतात. म्हणजे न बघण्याला खेळ सवलत देतो आणि बघण्याची किंमत घेतो. माझा मोठा मामा आयुष्यभर सीन खेळला. पत्ते हातात आले की उचलून बघणार, खराब असले की लगेच पॅक. त्याला सगळे चिक्कू म्हणत. त्याच ओट्यावर आमच्या नात्यातले एक मास्तर बसायचे. ते चार-चार फेऱ्या ब्लाइंड जायचे, छाती मोठी म्हणून वाहवा मिळवायचे.

मामाची शेती कोरडवाहू, कापसाची. वळवाचा एक सडाका पडला, किंवा तोही नाही पडला, की तो धूळपेरणी करायचा. सुक्या मातीत बी टाकायचं आणि वर बघत बसायचं. पाऊस वेळेवर आला तर पीक पंधरा दिवस पुढे, नाही आला तर बियाण्याचे पैसे मातीत, आणि दुबार पेरणीला सावकार. असा माणूस ओट्यावर बसून आणखी ब्लाइंड कशाला खेळेल? त्याची ब्लाइंड चाल मृगाच्या आधीच देऊन झालेली असायची. मास्तरांचा पगार एक तारखेला यायचा. त्यांच्या आयुष्यात धोका म्हणून कुठे नव्हताच, तो आखाजीला शंभर-दोनशे रुपयांत विकत मिळायचा. ओट्यावर बघणारा मामाला भित्रा आणि मास्तरांना धाडसी म्हणायचा. शेताच्या बांधावरून बघणाऱ्याला उलटं दिसलं असतं.

मोठ्या खेळाडूंच्या बाबतीतही ही लेबलं फार टिकत नाहीत. रिगाचा मिखाईल ताल बुद्धिबळातला सगळ्यांत बेफाम हल्लेखोर मानला जातो. घोडा, उंट, हत्ती, जे हातात येईल ते फेकून राजावर धावणारा. १९६० मध्ये तेविसाव्या वर्षी त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या बोटविनिकला १२½-८½ असं हरवून जगज्जेतेपद घेतलं. पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत बोटविनिकने तालचे डाव घोकून काढले, पट बंद राहील किंवा लवकर अंतिम अवस्थेत जाईल असं बघितलं आणि १३-८ ने पद परत घेतलं. तालची तब्येत तेव्हा बरी नव्हती, मूत्रपिंडाचं दुखणं होतं, हेही खरं. पण हल्लेखोराला हल्ल्याला जागाच दिली नाही तर तो काय करणार, हे त्या लढतीत दिसलं. आणि हाच ताल ऑक्टोबर १९७३ ते ऑक्टोबर १९७४ या वर्षात ओळीने ९५ डाव हरला नाही. हा विक्रम चाळीसेक वर्षं टिकला, २०१८ मध्ये डिंग लिरेनने शंभरापर्यंत नेला. आता तालला हल्लेखोर म्हणायचं की भिंत?

दुसरं उदाहरण कोरियाचं. स्टारक्राफ्ट हा कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ तिथे टीव्हीवर बघायचा खेळ झाला तेव्हा लिम यो-ह्वान, म्हणजे बॉक्सर, हा त्याचा राजा होता. मोजक्या सैनिकांकडून अशक्य कामं करून घेणारा, कल्पक. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याच्यासमोर जुना प्रतिस्पर्धी होंग जिन-हो होता. लोक लांब, रंगतदार लढतीच्या आशेने बसले. बॉक्सरने पहिल्या डावात अगदी सुरुवातीलाच होंगच्या दारात बंकर बांधून त्याला मारलं. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यातही तेच. तीन डाव झाले आणि बघणारे भडकले. आमच्या कॅफेत असतं तर "काबर मारी ऱ्हायना भो, आते तर सुरुवात व्हयनी!" असा गलका झाला असता. बॉक्सर कल्पक स्वभावाचा होता की नाही ते सोडा, त्या दिवशी त्याने ठरवून ओंगळ खेळ केला, कारण समोरचा तिसऱ्यांदाही तयार नव्हता. अंतिम फेरीत तो ३-२ ने हरला, तोही चोई योन-सुंगकडून. चोई त्याच्याच संघातला, त्याचा शिष्य म्हणून ओळखला जाणारा, आणि खेळण्याची तऱ्हा अगदी उलटी: प्रचंड उत्पादन, प्रचंड फौज. थोडक्यात, आमच्या भाऊंचा पुतण्या.

रीत हा स्वभाव नव्हे याचा सगळ्यांत विचित्र पुरावा यंत्राने दिला. गूगलच्या डीपमाइंड कंपनीचा अल्फास्टार हा संगणकी खेळाडू २०१९ च्या जानेवारीत स्टारक्राफ्ट २ मध्ये टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिकांसमोर आला, निकाल यंत्राच्या बाजूने १०-१. मला त्या निकालापेक्षा तो घडवण्याची पद्धत जास्त आवडते. एकच खेळाडू स्वतःशी खेळवत ठेवला तर तो त्याच त्या चकरा मारत राहतो, म्हणून त्यांनी आतल्या आत एक अख्खी लीग भरवली. त्यात काही खेळाडू असे ठेवले की ज्यांनी कधी श्रेष्ठ व्हायचंच नाही. मुख्य खेळाडूची खोड शोधायची आणि तेवढ्यावरच त्याला हरवायचं, एवढंच त्यांचं काम. यंत्राला मामा नाही, एसटीचा पास नाही, तरी त्याच्या पोटात उतावळे, भित्रे, छळवादी सगळे उगवले, कारण त्यांच्याशिवाय चांगला खेळाडू तयारच होत नव्हता. आमच्या कॅफेत तो शिंदखेड्याचा पोरगा नसता तर पुतण्या आयुष्यभर फौज न काढता खेळला असता, आणि कोणी सांगायलाही आलं नसतं.

मग स्वभाव म्हणून काही उरतच नाही का? मला वाटतं उरतो, पण तो रश-बूम-टर्टल या खात्यांत बसत नाही.

एकदा भाऊ लग्नाला गेले आणि जाताना पुतण्याला सांगून गेले की पोरांकडून आज पैसे घेऊ नको. दुपारभर वीजही होती. सगळ्या खुर्च्या एका रांगेत आल्या. शिंदखेड्याच्या पोराला पहिल्यांदा घड्याळ नव्हतं, त्यानेही वीस मिनिटं शांतपणे गावकरी काढले, शेतं लावली. पण त्याचा स्काउट एक क्षण स्वस्थ नव्हता. दर दोन-तीन मिनिटांनी तो कोणाच्या तरी कुंपणाशी जाऊन यायचा. कोणाचं सोनं कुठे आहे, कोणी तबेला बांधला, कोणाच्या मेंढ्या मोकळ्या फिरतायत, सगळं त्याला माहीत. पुतण्याचा स्काउट नेहमीप्रमाणे टाउन सेंटरपाशी उभा होता. त्याचं गाव बघण्यासारखं असायचं, शेतं ओळीत, घरं ओळीत, आणि बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही. मारायला लोक आले की त्याला खरोखर आश्चर्य वाटायचं.

तेव्हापासून मी खेळाडूची एकच गोष्ट बघतो: हा स्वतःचं गाव बघतोय की समोरच्याचं. चढाई की बचाव, हे पैसा, वेळ, माऊस आणि वीज ठरवतात. नजर कुठे जाते ते बहुतेक सोबत आलेलं असतं. मामा स्वतःचे पत्ते एकदाच बघायचा आणि उरलेला वेळ लोकांच्या बोटांकडे. मास्तर ब्लाइंड खेळायचे तेव्हाही पालथ्या पडलेल्या आपल्याच तीन पत्त्यांकडे बघत असायचे, जणू ते आतल्या आत बदलतील.

हरतानाही हे दिसतं. एक प्रकार गाव जळायला लागलं की शेवटचा गावकरी नकाशाच्या कोपऱ्यात, झाडांच्या आड नेऊन लपवतो, भोवती कुंपण घालतो आणि जिंकणाऱ्याला अर्धा तास हुडकायला लावतो. पूर्वी मला याची चीड यायची. आता वाटतं, त्याला निदान समोरचा कुठे शोधणार नाही याचा अंदाज असतो. जिंकत असताना खेळ न संपवणारा मात्र मला अजून सहन होत नाही. सगळं हातात असताना तो शेवटचा घाव घालत नाही, ११ दाबून हसण्याचा आवाज वाजवत राहतो. त्याला किलवर म्हणा, स्पाइक म्हणा, मला तो नुसता रिकामा माणूस वाटतो. आणि 'दौट कॅसल' ही तर मानवी संस्था आहे. दौट हा एज ऑफ एम्पायर्सचा, सर्बियाचा नावाजलेला खेळाडू. ६५० दगड ओतून समोरच्याच्या तोंडावर किल्ल्याचा पाया घालायचा आणि तो उभा राहण्याआधीच बांधणारे मारून घ्यायचे, या प्रकाराला जगभर त्याचं नाव पडलंय. इतक्या मोठ्या खेळाडूकडूनही हे होतं हे बघून सहा नंबरवरच्या कित्येकांना धीर आला असता.

मेंढीकोटला जोडीदार निवडताना मी हाच हिशेब लावतो. तिथे चारही मेंढ्या, म्हणजे दहल्या, आपल्या हातात आणायच्या असतात आणि जोडीदाराशी बोलायचं नसतं. कट हुकूम असो की बंद हुकूम, ज्याला पडून गेलेली पानं आठवतात तो चालतो. फार चढा खेळला तरी चालतो, फार दबून खेळला तरी. स्वतःच्या हुकमाच्या एक्क्यावर खूश असणारा नको.

शिंदखेड्याचा तो पोरगा आता नंदुरबारला मिरचीच्या धंद्यात आहे. ओली लाल मिरची घ्यायची, पथारीवर वाळवायची, भाव बघून काढायची. कॅफेत त्याला उतावळा म्हणणाऱ्यांनी त्याला लिलावाच्या वेळी बघायला हवं. हात शेवटपर्यंत खिशात, आणि कोण किती बोलणार ते सगळं पाठ. रात्री तो माझ्याशी मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, दहा मिनिटांचा डाव. पहिल्या दहा चालींत त्याची सहा मिनिटं जातात, कारण तो स्वतःची चाल कमी आणि माझी जास्त शोधत असतो. मी काय करणार हे मला सुचायच्या आधी त्याला कळलेलं असतं, आणि बहुतेक डाव तो वेळ संपल्यामुळे हरतो. परवा म्हटलं, तीस मिनिटांचा लावू का?

"नको भो," म्हणाला, "तीसमा बी असंच हुई."